घरातली अतिशहाणी यंत्रं आणि बाहेरचे झोपाळू कायदे: नाशिककरांनो, कुरकुर इथे करा

गोदाकाठी:
मंडळी, मिसळ कुठली भारी आणि यंदा थंडी किती, यावर आपल्याकडे धागे उदंड झाले. आता जरा कुरकुरीला जागा करून देऊ.

माझं म्हणणं एवढंच आहे की वस्तू बनवणारा असो वा नियम करणारा, रोज वापरणाऱ्या माणसाला दोघांनीही विचारलेलं नसतं. आणि जो सरळ वागतो त्यालाच जास्त खेटे पडतात.

आमच्याकडे टचची इंडक्शन शेगडी आहे. स्वयंपाकघरात हात कोरडा असतो तरी कधी? कणीक मळताना कुकरची तिसरी शिट्टी झाली, आच कमी करायची. तर आधी हात धुवा, मग पुसा, मग त्या गुळगुळीत काचेवर नेमक्या जागी बोट ठेवा. तोवर चौथी शिट्टी. दूध उतू जाऊन पॅनलवर आलं की टी-टी-टी करत शेगडी बंदच. गॅसचं बटण कणकेच्या हातानेसुद्धा फिरतं हो!

वॉशिंग मशीनचं तर विचारू नका. धुणं झालं की ते गाणं म्हणतं, मग रात्रीचे अकरा का वाजलेले असेनात. आवाज बंद करायची सोय आहे, पण कुठली दोन बटणं एकत्र दाबायची ते पुस्तिकेत आहे, पुस्तिका क्यूआर कोडवर आहे, आणि कोड मशीनच्या मागे चिकटवलाय. भिंतीकडच्या बाजूला.

आता घराबाहेर या. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली. दुचाकीला ४५० रुपये, चारचाकीला ७४५, जीएसटी वेगळा. आधीची मुदत ३१ मार्च २०२५. आम्ही शहाण्यासारखं वेळेत अपॉइंटमेंट घेतली, मार्चच्या उन्हात उभं राहून प्लेट बसवून घेतली. मग मुदत एप्रिल, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर, डिसेंबर अशी सरकत राहिली. ज्यांनी काही केलं नाही ते मजेत. 'घाई काय होती?' असं वर मलाच विचारतात.

तुमचं काय?

निफाडचा_गारठा:
+१. वडिलांना टीव्हीवर फक्त बातम्या बघायच्या असतात. टीव्ही लावला की आधी अपडेट, मग लॉगिन, मग 'कोण बघतंय?' असा प्रश्न. 'मी बघतोय, माझंच घर आहे' असं ते टीव्हीला मोठ्याने सांगतात.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
गोदाकाठी, टचच्या काचेखाली विद्युत क्षेत्र असतं. बोट जवळ आलं की त्यात फरक पडतो, तो ओळखून शेगडी समजते की बटण दाबलंय. पाणी आणि दूधही तोच फरक पाडतात. ओघळ दोन-तीन बटणांवर पसरला की आतल्या कंट्रोलरला वाटतं सगळी बटणं एकदम दाबली गेली, मग सुरक्षेसाठी तो सगळं बंद करतो. म्हणजे शेगडी बिघडलेली नाही, तिची रचनाच तशी आहे.

मग बनवतात कशाला? भोकं पाडायला नकोत, बटणांचे सुटे भाग नकोत, वरून पुसायला सोपं, आणि दुकानातल्या दिव्याखाली चकचकीत दिसतं. विकत घेताना आपण कोरड्या हाताने बघतो ना. नॉबवाल्या इंडक्शन मिळतात, पुढच्या वेळी त्या मागा.

खरं दुखणं पुढेच आहे. फ्रीजवर 'दहा वर्षं वॉरंटी' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ती बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसरची. बाकी फ्रीजला एक वर्ष. इन्व्हर्टर फ्रीजमध्ये कॉम्प्रेसर चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड वेगळं असतं. बंद पडतं ते बहुधा ते कार्ड, कॉम्प्रेसर ठणठणीत. मग सर्व्हिसवाला येऊन सांगतो, 'साहेब, हे वॉरंटीत नाही.' कार्डावरचा एखादा स्वस्तातला कपॅसिटर फुगलेला असतो, पण बदलायचं आख्खं कार्ड. एम. जी. रोडला बोर्ड दुरुस्त करणारी पोरं आहेत, ती कपॅसिटर बदलून देतात. पण आपण तिथवर पोचेपर्यंत फ्रीजमधलं श्रीखंड गेलेलं असतं.

गृहकृत्यदक्ष_की_काय:
सातपूर, अगदी बरोबर. या यंत्रांना घरात जावयासारखं सांभाळावं लागतं. वेगळा प्लग, वेगळा स्टॅबिलायझर, रुसले की कंपनीचाच माणूस. माझी सेमी-ऑटोमॅटिक मशीन लेकीच्या जन्माच्या आधीची आहे. दोन टायमरच्या चाव्या आणि एक पट्टा. पट्टा गळपटला की गल्लीतला मिस्त्री बदलतो. तिला गाणं येत नाही, हा तिचा आणखी एक गुण.

जुन्या_नाशकातला:
आमच्या वाड्यात अजून चाकाचा मीटर आहे. कोणी बदलायला आलंच तर चहा पाजून परत पाठवणार.

वीजबिलाने_बेजार:
जुन्या नाशकातल्या काका, तुमचा चाकाचा मीटर जपून ठेवा. आमच्याकडे स्मार्ट मीटर लागला आणि बिल वाढलं. घरात माणसं तीच, पंखे तेच. फोन केला तर 'मीटर बरोबर आहे' एवढंच उत्तर.

चिवडा_कमी_तिखट:
अहो, पण २०२४ मध्ये सरकारने स्वतःच सांगितलं होतं ना, सामान्य ग्राहकांना स्मार्ट मीटर लावणार नाही म्हणून?

सातपूर_सेकंडशिफ्ट:
ते प्रीपेडबद्दल होतं. आता लागतात ते पोस्टपेड आहेत, म्हणजे बिल महिन्याच्या शेवटीच येतं. मीटर मात्र दिवसाच्या वेळेनुसार वापर नोंदवतो, म्हणून टीओडी (टाइम ऑफ डे) म्हणतात.

बेजारभाऊ, दोन गोष्टी वेगवेगळ्या करा. जुने चाकाचे मीटर वयानुसार सुस्त होतात. चाक फिरायला थोडा तरी भार लागतो. सेट-टॉप बॉक्स, वायफाय, भिंतीत अडकवून ठेवलेले चार्जर, टीव्हीचा लाल दिवा असला बारीक भार इलेक्ट्रॉनिक मीटर मोजतो, जुना कधीकधी सोडून द्यायचा. म्हणजे थोडी वाढ खरीही असू शकते.

पण मीटरच चुकीचा आहे असा संशय असेल तर फोनवर भांडू नका. वीज ग्राहक हक्क नियम आहेत, २०२० चे. त्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. वापरापेक्षा रीडिंग जास्त येतंय अशी तक्रार केली की वीज कंपनीने पाच दिवसांत दुसरा तपासणी मीटर बसवायचा आणि निदान तीन महिने दोन्हींचे आकडे ताडून बघायचे. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि अर्जात 'तपासणी मीटर' हे शब्द स्पष्ट लिहा. नुसतं 'बिल जास्त आलं' लिहिलंत तर हप्ते पाडून देतील आणि विषय संपला म्हणतील.

वीजबिलाने_बेजार:
हे कोणी सांगतच नाही! उद्याच अर्ज टाकतो.
आणि ती दिवसाच्या वापराची सवलत? सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच स्वस्त वीज म्हणे. त्या वेळात घरात असतं कोण?

गृहकृत्यदक्ष_की_काय:
मी असते. माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतात. सासूबाई असतात, शाळेतून आलेली मुलं असतात. 'घरात कोण असतं' हा प्रश्न पुरुषांनाच का पडतो कोण जाणे.
तुमचं धुणं, इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर सगळं त्या वेळात उरकलं तर फरक पडतो. गीझर मात्र पहाटेच लागतो, त्याला इलाज नाही.

वीजबिलाने_बेजार:
चुकलं ताई. मशीन दुपारी लावायला सांगतो... म्हणजे लावतो.

पाथर्डीफाटा:
मंडळी, माझी कुरकुर पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राची. एक लिटर प्यायचं पाणी मिळवायला तीन लिटर नळीतून सिंकमध्ये. मी ती नळी बादलीत सोडलीय, त्या पाण्याने फरशी पुसतो. पण दिवसाला किती फरशा पुसणार? वर फिल्टर, मेंब्रेन, वार्षिक करार, आणि दर थोड्या दिवसांनी 'सर, आपकी सर्विस ड्यू है' असा फोन. हिंदीतून.

चिवडा_कमी_तिखट:
पाथर्डीफाटा, तुमच्याकडे नळ महापालिकेचा की बोअर?

पाथर्डीफाटा:
आता पालिकेचा. फ्लॅट घेतला तेव्हा बोअर आणि टँकर होता, तेव्हाच आरओ बसवला.

चिवडा_कमी_तिखट:
मग आता त्याची गरज काय? नाशिकला पालिकेचं पाणी बहुतांश गंगापूर धरणाचं, काही मुकणे आणि दारणेचं. हे पावसाचं साठलेलं पाणी, मुळातच हलकं. शंभर-दोनशे रुपयांत टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र मिळतं, ते आणा आणि ग्लासात बुडवा. माझ्या नळाला दीडशेच्या आसपास दाखवतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. मग दीडशेच्या पाण्यातले क्षार काढायला आरओ कशाला?

आणि हे फक्त माझं मत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओ वापरायला बंदी घाला. त्यानंतरही दुकानात गेलात तर कोणी विचारतं का, 'तुमच्या नळाला टीडीएस किती?' विचारतील कसे? उत्तर ऐकलं तर विक्रीच होणार नाही.

इंदिरानगरची_काकू:
अहो, पण आमच्याकडे आलेल्या मुलाने करून दाखवलं होतं. नळाच्या पाण्यात दोन दांड्या असलेलं यंत्र घातलं, विजेला जोडलं, आणि पाणी मिनिटात तपकिरी, वर फेस. त्याच्या पाण्यात घातलं तर जसंच्या तसं. ते बघून हे म्हणाले, लगेच घेऊन टाक.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
काकू, तो खेळ जुना आहे. त्या दांड्यांतली एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की पाण्यातून वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि गंजाचा गाळ तयार होतो. तुम्ही बघितलात तो त्या दांडीचा गंज, तुमच्या नळातली घाण नव्हे. आरओच्या पाण्यात क्षारच जवळजवळ नसतात, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून काही होत नाही. त्याच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच प्रयोग परत करायला सांगा. तेही तपकिरी होईल, आणि मुलगा पुढची अपॉइंटमेंट आठवून निघून जाईल.

इंदिरानगरची_काकू:
अगं बाई! आणि आम्ही तेव्हा त्याला पोहेही दिले होते.

द्राक्षबाग_दिंडोरी:
एक मुद्दा राहतोय. सगळीकडे सरसकट आरओ नको हे मान्य. पण ग्रामीण भागात, शेतीच्या आसपासच्या बोअरला पाणी जड असतं, त्यात खतांचा नायट्रेटही उतरतो. नायट्रेट उकळून जात नाही, यूव्हीने (अतिनील किरणांनी) जात नाही. तिथे आरओ उपयोगाचाच. आमच्या बोअरला मीटर नऊशे दाखवतो, चहाच्या भांड्याला पांढरी खपली धरते. नळवाल्यांनी आम्हाला आरओ काढा सांगू नये.

चिवडा_कमी_तिखट:
शंभर टक्के सहमत. पाणी मोजा, मग यंत्र घ्या, एवढंच माझं म्हणणं. नळवाल्यांना पावसाळ्यात गढूळ पाणी येतं त्यासाठी गाळणीचा फिल्टर आणि जंतूंसाठी यूव्ही पुरतं. नाहीतर उकळायचं. आमच्या आईने जन्मभर पितळी पातेल्यात उकळून, चौपदरी पंच्याने गाळूनच पाजलं.

कोर्टाची_पायरी:
मी ग्राहक प्रकरणांत काम करते, म्हणून थोडं लिहिते. फ्रीजचं कार्ड आणि आरओचा तमाशा, दोन्ही ठिकाणी लोक एकच करतात, कॉल सेंटरला फोन करत राहतात. फोनचा पुरावा तुमच्याकडे उरत नाही. ईमेल करा, तीच तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर नोंदवा. बऱ्याच कंपन्या तिथे तक्रार गेली की हलतात, कारण ती तक्रार त्यांच्याकडेच पुढे पाठवली जाते आणि तिचा पाठपुरावा होतो.

तरी नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कच नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, आणि महत्त्वाचं म्हणजे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की चेन्नईला, उत्तर द्यायला त्यांनीच इथे यायचं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. लोक त्या दोन वर्षांत फोनवर 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत बसतात आणि मग माझ्याकडे येतात.

वॉरंटी कार्डावर जाहिरातीपेक्षा बारीक अक्षरात काही वेगळं लिहिलं असेल तर जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. दुकानात लावलेला तो 'दहा वर्षं' वाला स्टिकरही पुरावाच आहे.

जुन्या_नाशकातला:
वकीलबाई, निकाल किती वर्षांनी?

कोर्टाची_पायरी:
कायद्यात तीन महिन्यांचं लिहिलंय, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा पडतात, खोटं कशाला बोलू. पण नोटीस गेल्यावरच बरीच प्रकरणं मिटतात.

निफाडचा_गारठा:
आणि ते दुकानात बिल करताना मोबाइल नंबर मागतात त्याचं काय? मोज्यांची जोडी घ्यायची तरी नंबर. नाही म्हटलं तर 'सिस्टम बिल काढत नाही.'

कोर्टाची_पायरी:
मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने दुकानदारांना कळवलंय की बिलासाठी नंबरची सक्ती करू नका. नम्रपणे 'नंबर देणार नाही' म्हणा आणि उभं राहा. मागे रांग वाढली की सिस्टमला बिल काढता येतं.

गोदाकाठी:
हाहा, हे फ्रेम करून लावायला हवं.
बरं, आता माझी मोठी तक्रार. आवाज. लग्नसराई, वाढदिवस, मिरवणुका, नवं दुकान, कसलंही निमित्त. आमच्या काचा थरथरतात. रात्री दहानंतर बंदी आहे ना? मग बाराला सुरू असतं ते काय?

ढोल_आमचा_श्वास:
आता इथेही ढोलवर येणार का? नाशिक ढोल ही शहराची ओळख आहे, देशभर बोलावतात आम्हाला. डीजेच्या भिंतीला आणि ढोलाला एका मापाने मोजू नका. ढोलाला वीज लागत नाही, माणसाचा दम लागतो. दम संपला की ढोल थांबतो. जनरेटरवरचा डीजे थांबत नाही.

गोदाकाठी:
ढोल मलाही आवडतो, पण गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर. माझ्या गॅलरीखाली नको.

कोर्टाची_पायरी:
ढोलवाले दादा, भावना समजते, पण नियमाला वाद्य कुठलं याने फार फरक पडत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे दहा ते सहा. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०, म्हणजे रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर. दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. २०१० च्या दुरुस्तीनंतर वाद्यं, हॉर्न आणि फटाक्यांनाही रात्रीचं बंधन आलं. सणासाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. ते दिवस आधी जाहीर होतात. कोणाच्या पोराचा वाढदिवस त्यात येत नाही.

तक्रारीसाठी एक गोष्ट कामाची. दिवसा आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबल वर गेला की तक्रारीचा हक्क पोचतो. रात्रीचं बंधन मोडलं तर डेसिबल मोजायचीही गरज नाही, दहानंतर स्पीकर वाजतोय हेच पुरे. म्हणून मोबाइलवरचं डेसिबलचं अ‍ॅप दाखवून पोलिसांशी वाद घालू नका, ते प्रमाणित यंत्र नाही. ११२ ला फोन करा, वेळ आणि जागा सांगा, फोन केल्याची नोंद जपून ठेवा.

इंदिरानगरची_काकू:
फोन केला की दहा मिनिटं आवाज बंद. गाडी गेली की परत सुरू. आणि दुसऱ्या दिवशी 'फोन कोणी केला' याची चौकशी सोसायटीत. म्हणून कोणी करत नाही हो. कायदा तुम्ही सांगता तसाच असेल, पण त्याच्यासाठी शेजाऱ्याशी वैर घ्यायची हिंमत लागते, ती नियमात कुठे लिहिलीय?

ढोल_आमचा_श्वास:
काकूंचा मुद्दा पटला. आमच्या पथकात आम्ही सराव दहाच्या आधी थांबवतो, तेही नदीकडे जाऊन. मिरवणुकीत मागे डीजे लागला की आमचाही आवाज कोणाला ऐकू येत नाही. आम्हालाही तो नकोच आहे.

गोदाकाठी:
मग आपलं जमलं की.

येवल्याचा_पेचवाला:
जानेवारी आला की मला नायलॉन मांजाची धास्ती. आमच्याकडे संक्रांतीला तीन दिवस पतंग चालतो, सारा गाव गच्चीवर. लहानपणी आम्ही सुती दोऱ्याला काचेचा मांजा द्यायचो. हात कापायचा, पण दोरा ताणला की तुटायचा. नायलॉन तुटत नाही, तिथेच गोम आहे. झाडात अडकला की वर्षभर तसाच. पक्षी अडकतात, आणि दुचाकीवाल्याच्या गळ्याला आडवा आला तर दोरा तुटण्याआधी गळा कापला जातो.

हरित लवादाने जुलै २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. तरी दर वर्षी पेपरात तीच बातमी. दुकानात बाहेर टांगलेला नसतो, मागितला की आतून निघतो. ऑनलाइन तर दुसऱ्याच नावाने विकतात.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
आमच्या शिफ्टमधली पोरं डिसेंबरपासूनच हँडलला तारेची कमान लावतात. जाड तार दोन्ही आरशांच्या दांड्यांना बांधायची, डोक्याच्या उंचीपर्यंत वर न्यायची. दोरा आला तर तारेवर अडतो. गळ्याला मफलर घट्ट गुंडाळायचा. दिसायला विचित्र, पण रात्री अकराला शिफ्ट सुटून परत येताना अंधारात दोरा दिसतच नाही.
म्हणजे बंदी घातलेल्या वस्तूपासून वाचायचा खर्चही आपलाच.

जुन्या_नाशकातला:
मी पोलिसांच्या आधी आईबापांना धरीन. पोराच्या हातात चकरी कुठली आहे, हे घरात दिसत नाही का?

येवल्याचा_पेचवाला:
काका, दिसतं. 'त्याचा पतंग कापला गेला की रडतो' म्हणून बापच आणून देतो. हे मी माझ्या गल्लीत बघितलंय.

वीजबिलाने_बेजार:
कायदा पाळण्यावरून हेल्मेट आठवलं. १५ ऑगस्ट २०२१ ला नाशिकमध्ये 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' सुरू झालं होतं. पंपावर काय जत्रा! एकाच हेल्मेटखालून रांगेतली सगळी डोकी जाऊन आली.

जुन्या_नाशकातला:
त्या हेल्मेटने शहरातल्या उवांची एकी केली.

पाथर्डीफाटा:
हसा, पण मला ती मोहीम पटली होती. मोटार वाहन कायद्यात हेल्मेट केव्हाचं आहे, २०१९ च्या दुरुस्तीत दंड एक हजार आणि परवाना तीन महिने निलंबित अशी तरतूद आली. तरी द्वारका चौकात सकाळी उभे राहा आणि डोकी मोजा. पंपावरच्या पोराला मात्र लोकांशी भांडायला लावलं, ते चूक होतं. नियम राबवणं हे त्याचं काम नाही, त्याचा पगारही तेवढा नाही.

चिवडा_कमी_तिखट:
आणि रस्ते? आता सिंहस्थासाठी खोदाखोदी. २०२७ च्या ऑगस्टमध्ये अमृतस्नान आहे, कामं व्हायलाच हवीत, मान्य. पण खड्ड्याला निदान परावर्तक पट्टी तरी लावा. हेल्मेट घालून खड्ड्यात पडलो तर हाडं कोणाची?

निफाडचा_गारठा:
मधेच विचारतोय, क्षमस्व. आमच्याकडे थंडी तुम्हाला माहीतच आहे. बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, छोटी खिडकी थंडीमुळे बंद ठेवतो. परवा आंघोळ करताना बायकोला गरगरलं. पित्त असेल म्हणाली. विषय निघालाच आहे घरातल्या यंत्रांचा, म्हणून.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
भाऊ, पित्त समजू नका. आजपासून तो गीझर सुरू ठेवून आंघोळ करायची नाही. वैनींना अजून डोकेदुखी, मळमळ असेल तर डॉक्टरकडे न्या आणि गॅस गीझरचं आवर्जून सांगा, नाहीतर तेही पित्ताचंच औषध देतील.

कारण असं की बंद जागेत गॅस जळताना हवेतला ऑक्सिजन संपत जातो. ऑक्सिजन कमी पडला की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. याला तसलं काही नाही. आधी डोकं जड होतं, गरगरतं, पाय लुळे पडतात, आणि कडी आतून लावलेली असते. ज्योत निळीऐवजी पिवळी-लाल दिसायला लागली तर समजा बर्नर नीट जळत नाहीये, पण निळी आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत, गॅलरीत वगैरे लावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणा. प्लंबर येईपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या, मग आत जा.

इंदिरानगरची_काकू:
आणि तोवर आतून कडी लावू नका म्हणावं. आमच्या ओळखीत असंच झालं होतं, दार तोडायला लागलं. वाचली पोरगी.

निफाडचा_गारठा:
वाचून हात थंड पडले. गीझर आत्ताच बंद केला, चुलीवर पाणी तापवू. तिला आज संध्याकाळी डॉक्टरकडे नेतो. गॅलरीत जागा आहे, उद्या प्लंबरला बोलावलंय. नळी दहा-बारा फूट जाईल, पाणी गार होईल का?

सातपूर_सेकंडशिफ्ट:
थोडं होईल. नळीला फोमचं आवरण घाला, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आणि गॅसची रबरी नळी जुनी असेल तर तीही बदलून घ्या, वर तारीख छापलेली असते ती बघा.

वीजबिलाने_बेजार:
धागा वर राहू द्या. तपासणी मीटरचा अर्ज दिला, पोच घेतली. पोच देणारा बाबू म्हणाला, असा नियमच नाही. कोर्टाची पायरी ताई, नियमाचा क्रमांक मिळेल का?

कोर्टाची_पायरी:
व्यनि (खाजगी निरोप) करते. मूळ नियम आणि दुरुस्ती दोन्हींची राजपत्रातली प्रत पाठवते, प्रिंट काढून अर्जाला जोडा. आणि 'असा नियम नाही' हे त्यांच्याकडून लेखी मागा. बहुतेक वेळा तिथेच नियम सापडतो.